बेणे पारखून घेतो, मग मोबाइलवरची फाईल का नाही?



या पानावर आजवर मी बेणे बदल, पाचट आच्छादन, खोडव्याची निगा असे विषय घेत आलो. या अंकात विषय वेगळा आहे. मोबाइल आणि संगणक यांत शिरणाऱ्या 'ट्रोजन' नावाच्या रोगाविषयी लिहायचे आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने आपले शेत सोडून दुसऱ्याच्या वावरात का शिरावे, असे कुणी म्हणेल. त्याला कारण आहे. आता ऊसनोंद मोबाइलवर, तोडणीचा प्रोग्राम मोबाइलवर आणि बिल जमा झाल्याचा संदेशही मोबाइलवरच येतो. म्हणजे वर्षभराच्या घामाचा पैसा ज्या दारातून घरात येतो, त्या दाराची ही गोष्ट आहे. आणि दुसरे कारण असे, की मागच्या हंगामात आपल्याच एका सभासदाचे नुकसान झाले, त्यात थोडी चूक माझीही आहे.

काय झाले

तर झाले असे. संक्रांतीच्या आधीचे दिवस. गटातल्या सभासदांसाठी आपण व्हॉट्सॲपचा जो ग्रुप केला आहे, त्यावर एका शेतकऱ्याच्या नंबरावरून एक फाईल आली. नाव होते 'पीएम किसान नवीन यादी', आणि नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे. सोबत मजकूर होता, 'यादीत नाव नसल्यास हप्ता बंद होईल.' मी त्या वेळी तोडणी टोळीच्या गाडीबरोबर बांधावर होतो. पाठवणारा माणूस ओळखीचा, विषय सरकारी योजनेचा. मी फाईल उघडून पाहिली नाही, काढूनही टाकली नाही. उलट खाली लिहिले, 'सर्वांनी आपले नाव पाहून घ्यावे.' झाले. साहेबांनी सांगितले म्हटल्यावर लोकांनी विश्वास ठेवला.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका सभासदाने ती फाईल उघडली. आत योजनेचे चित्र, तिरंगा, सगळे हुबेहूब. आधार क्रमांक विचारला, त्यांनी दिला. नोंदणी शुल्क म्हणून एक रुपया भरा, असे आले. त्यांनी पिन टाकला. फोनने मध्ये दोन-तीन वेळा परवानग्या मागितल्या, त्यांनी 'हो, हो' करत दाबले. मग पडद्यावर आले, 'प्रक्रिया सुरू आहे, २४ तास थांबा.' ते थांबले. चारच दिवसांपूर्वी त्यांच्या खात्यात उसाचा पहिला हप्ता जमा झाला होता. त्या रात्री तीन वेळा मिळून ५८,५०० रुपये गेले. एकही संदेश त्यांना दिसला नाही.

दोन दिवसांनी ते गट कार्यालयात आले. खुर्चीवर बसले नाहीत, दारातच उभे राहिले. म्हणाले, "साहेब, तुमीच तं म्हटलं होतं, नाव पाहून घ्या म्हून. म्या पाह्यलं. आता मले सांगा, पैसे गेले कुठी?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पोरीच्या कॉलेजची फी त्यातूनच भरायची होती. आम्ही तक्रार केली, पण दोन दिवस उशीर झाला होता. शेवटच्या व्यवहारातले ११,००० रुपये तेवढे पुढच्या खात्यात अडकवता आले. बाकीचे हातोहात निघून गेले होते. ज्या शेतकऱ्याच्या नंबरावरून फाईल आली, त्याने ती पाठवलीच नव्हती. त्याच्या फोनात रोग आधीच शिरला होता आणि फोन आपणहून सगळ्यांना फाईल वाटत सुटला होता. त्यानंतर मी या विषयाचा अभ्यास केला, माहीतगारांना विचारले. जे कळले ते इथे मांडतो.

ट्रोजन म्हणजे काय

हे नाव ग्रीकांच्या जुन्या कथेतले आहे. ट्रॉय नावाच्या नगराला ग्रीकांनी दहा वर्षे वेढा घातला, पण तट काही पडेना. मग त्यांनी एक मोठा लाकडी घोडा करून वेशीबाहेर ठेवला आणि निघून गेल्याचे सोंग केले. नगरातल्या लोकांनी तो घोडा आपल्याच हातांनी आत ओढून नेला. घोड्याच्या पोटात सैनिक होते. रात्री ते उतरले आणि त्यांनी वेस आतून उघडली.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांच्या हाती गेला. बाहेरच्या तटाला तोफांनी खिंडार पडले होते, पण आतल्या किल्ल्याचा दरवाजा दाद देत नव्हता. तेव्हा कॅप्टन कँबेलची तुकडी तटावर चढून आत उतरली आणि तिने दरवाजा आतून उघडला. तिथे शत्रूला निदान तट चढावा लागला. ट्रोजनला तेवढेही कष्ट नाहीत, त्याला आपणच उचलून आत नेतो.

पण खरी समजूत पटते ती आपल्या धंद्यातल्या उदाहरणाने. गवताळ वाढीचा रोग घ्या. रोगट प्लॉटातली टिपरी वरून पाहाल तर चांगली दिसते. आपण ती मोळी बांधून आणतो, आपल्या हाताने सरीत लावतो, खत-पाणी देतो. रोग दिसतो तो नंतर, बेटातून बारीक, पांढरट फुटवे निघू लागतात तेव्हा. ट्रोजन हे असेच रोगट बेणे आहे. वरून ते कामाचे दिसते. कधी सरकारी योजनेचे ॲप, कधी लग्नाची पत्रिका, कधी वाहनाचे चलान, कधी फुकटातले मराठी टायपिंग. पोटात मात्र दुसराच उद्योग चालू असतो.

पुष्कळ लोक सरसकट 'व्हायरस' म्हणतात, पण फरक आहे. व्हायरस दुसऱ्या फाईलला चिकटून पसरतो. 'वर्म' नावाचा प्रकार जाळ्यातून आपला आपण सरकत जातो. ट्रोजन मात्र माणसाला फसवून, माणसाच्याच हाताने आत येतो.

हा प्रकार नवाही नाही. डिसेंबर १९८९ मध्ये एड्स रोगाची माहिती म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने निरनिराळ्या देशांत पाठवल्या गेल्या. फ्लॉपी संगणकात घातली की माहिती खरोखरच दिसे. पण संगणक साधारण ९० वेळा सुरू झाला की फाईलींची नावे गडप होत आणि पडद्यावर मागणी येई, की १८९ डॉलर पनामातल्या टपालपेटीवर पाठवा. तेव्हा टपाल होते, आता व्हॉट्सॲप आहे. युक्ती तीच.

मोठ्यांनाही सुटका नाही

'आपण अडाणी म्हणून फसलो', असे त्या सभासदांना वाटत होते. तसे मुळीच नाही. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण पाहा. १९०६ साली स्थापन झालेली, सहकारातली नावाजलेली बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या एटीएमच्या यंत्रणेत असाच घातक प्रोग्राम शिरला. शनिवार, ११ ऑगस्ट रोजी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातून अडीच कोटी गेले. सोमवार, १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली या प्रकरणात ११ जणांना शिक्षा केली. दिवस निवडला होता तोही पाहा, शनिवार. सुटीच्या दिवशी आणि रात्री चोराचे फावते.

आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ऑगस्ट २०२५ मध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचे निमंत्रण आले. ३० ऑगस्टचे लग्न, जरूर यावे. पत्रिका म्हणून फाईल उघडली, ती एपीके निघाली, आणि सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने 'ड्रिनिक' नावाच्या ट्रोजनविषयी इशारा दिला होता. तो आयकराचा परतावा देतो म्हणून येई आणि २७ बँकांच्या ग्राहकांवर त्याचा डोळा होता. म्हणजे शेतकऱ्याला किसान योजनेचे, नोकरदाराला आयकराचे, गाडीवाल्याला चलानाचे आमिष. ज्याची जी नड, त्याला ते बेणे.

आत शिरल्यावर तो करतो काय

एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवण्याची फाईल. ती फोटो नव्हे, यादी नव्हे, पत्रिकाही नव्हे. ती उघडली की फोन आधी हटकतो, 'हे अज्ञात ठिकाणचे ॲप आहे, बसवू का?' ही पहिली वेस. आपण 'हो' म्हटले की ती उघडली. मग ॲप परवानग्या मागते. संदेश वाचण्याची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराकडे जातो आणि तुमच्या डोळ्यांआड लपवलाही जातो. संपर्क पाहण्याची परवानगी दिली, की तुमच्या नावाने ती फाईल सोयऱ्याधायऱ्यांकडे जाते. सर्वांत घातक परवानगी म्हणजे 'ॲक्सेसिबिलिटी'. ही सोय खरे तर अंध-अपंग बांधवांसाठी केलेली आहे. ती मिळाली की ट्रोजन तुमचा पडदा वाचू शकतो आणि तुमच्या वतीने बटणेही दाबू शकतो. एवढे झाले की पुष्कळदा तो आपले चिन्ह पडद्यावरून गायब करतो. लोकांना वाटते ॲप गेले. गेलेले नसते. हुमणी जमिनीखाली असते, तसे ते आत असते.

संगणकावर तो बहुधा तीन वाटांनी येतो. ई-मेलमधून आलेले खोटे बिल, फुकट मिळवलेली चोरीची सॉफ्टवेअर आणि कुणाचाही पेन ड्राइव्ह. नावात फसवणूक असते. 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' अशी फाईल असली, तर संगणक शेवटचे 'ईएक्सई' लपवतो आणि आपल्याला ती साधी पीडीएफ वाटते. ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्राम, हे ध्यानात ठेवावे.

लक्षणे अशी: फोन विनाकारण तापणे, बॅटरी व डेटा लवकर संपणे, बँकेचे संदेश येणे बंद होणे, न पाठवलेले संदेश पाठवल्याचे लोकांनी सांगणे, न बसवलेले ॲप यादीत दिसणे. संगणक एकाएकी मंद होणे, अँटिव्हायरस आपोआप बंद पडणे, नको त्या जाहिराती उघडणे. पण लक्षण दिसले नाही म्हणून रोग नाही, असेही धरू नये.

मोबाइलमधून काढायचा कसा

उसात काणीचा काळा पट्टा दिसला, तर आपण काय करतो? आधी त्यावर पोते घालतो, म्हणजे बीजाणू उडू नयेत. मग बेट मुळासकट उपटतो आणि जाळतो. इथेही क्रम तोच आहे. आधी फैलाव थांबवा, मग उपटा.

१. फोन ताबडतोब 'विमान मोड'वर टाका. वायफायही बंद आहे ना, ते पाहा. म्हणजे चोराकडे जाणारा ओटीपी थांबेल.

२. दुसऱ्याच्या फोनवरून १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करा आणि बँकेला सांगून खाते, कार्ड व यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर इथे एकेक तास मोलाचा असतो. रक्कम पुढच्या खात्यात असेपर्यंतच अडकवता येते. मागाहून बँकेला लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

३. पुरावा ठेवा. तो संदेश, पाठवणारा नंबर, फाईलचे नाव यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढा. घाबरून सगळे पुसून टाकू नका.

४. फोन 'सेफ मोड'मध्ये सुरू करा. बहुतेक फोनमध्ये बंद करण्याचे बटण दाबून पडद्यावरच्या 'पॉवर ऑफ'वर बोट धरून ठेवले की हा पर्याय येतो. या मोडमध्ये फोनबरोबर आलेलीच ॲप चालतात, बाहेरून बसवलेली निपचित पडतात.

५. सेटिंगमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन' आणि 'ॲक्सेसिबिलिटी' या दोन्ही ठिकाणी जाऊन अनोळखी नावापुढचा हक्क काढून घ्या. हे केल्याशिवाय ते ॲप निघत नाही, आणि लोक नेमके इथेच अडतात.

६. आता ॲपच्या पूर्ण यादीतून ते काढून टाका. डाउनलोडच्या कप्प्यातली मूळ एपीके फाईलही काढा. मग फोन साधा सुरू करून प्ले स्टोअरमधल्या 'प्ले प्रोटेक्ट'ने तपासणी करा.

७. तरीही शंका राहिली तर 'फॅक्टरी रिसेट' करा. त्याआधी फोटो आणि फोन नंबर तेवढे बाजूला काढा. जुनी ॲप जशीच्या तशी परत आणू नका. रोगट प्लॉटाचा खोडवा ठेवला तर रोग पुन्हा उठतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

८. शेवटी सगळे पासवर्ड आणि पिन बदला. ते स्वच्छ फोनवरूनच. रोग असलेल्या फोनवर नवा पासवर्ड टाकणे म्हणजे चोरासमोर नवे कुलूप लावून किल्लीही दाखवणे होय. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' पाहून अनोळखी यंत्र काढून टाका आणि तुमच्या नंबरावरून फाईल कुणाकुणाला गेली, त्यांना फोन करून सांगा. यात लाज धरू नका.

संगणकातून काढायचा कसा

ज्यांच्या घरी किंवा सेवा केंद्रात संगणक आहे त्यांनी आधी इंटरनेटची तार काढावी. पेन ड्राइव्ह लावू नये. विंडोजमध्येच 'डिफेंडर' नावाची तपासणीची सोय फुकट असते. तिच्यात 'ऑफलाइन स्कॅन' हा पर्याय आहे. तो निवडल्यावर संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपलेला ट्रोजन जागा व्हायच्या आत सापडतो. साधारण पंधरा मिनिटे लागतात. त्यानंतर 'फुल स्कॅन' करावे. अनोळखी प्रोग्राम काढावेत, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी पाहावी, ब्राउझरला चिकटलेली नको ती जोडणी काढावी.

केंद्र सरकारचे 'सायबर स्वच्छता केंद्र' फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाले. त्याच्या संकेतस्थळावरून अशी साफसफाईची साधने मोफत मिळतात. या साधनांपैकी एक 'क्विक हील'चे आहे, आणि ही कंपनी आपल्या महाराष्ट्रातली, पुण्याची. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामापासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी ती उभी केली. संजय यांनी व्हायरस काढणारा पहिला प्रोग्राम लिहिला, तो दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांसाठी. एवढे करूनही संगणक ताळ्यावर आला नाही, तर माहीतगाराकडून विंडोज नव्याने टाकून घ्यावे. कामाच्या फाईलींची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवण्याची सवय आधीपासून असली, म्हणजे ही वेळ जड जात नाही. विंडोज १० ची नेहमीची दुरुस्तीसेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हेही जुना संगणक वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

रोग येऊच नये म्हणून

बिनपावतीचे कपाशीचे पाकीट घेऊन काय होते, हे वऱ्हाडात कुणाला सांगायची गरज नाही. पाकीट चकचकीत असते, विकणारा ओळखीचा असतो, आणि उगवण झाली नाही की दाद मागायला जागा नसते. व्हॉट्सॲपवरची एपीके म्हणजे बिनपावतीचे बियाणे. ॲप घ्यायचे तर प्ले स्टोअरवरूनच, आणि तिथेही बनवणाऱ्याचे नाव पाहून. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. त्याची चौकशी सरकारी संकेतस्थळावर, सेवा केंद्रात किंवा कृषी कार्यालयात करावी. पैसे मिळण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि पोट्ट्यांनाही सांगून ठेवा. ओळखीच्या नंबरावरून फाईल आली तर त्याला आधी फोन करा. एका फोनने त्या सभासदांचे ५८,५०० वाचले असते. आणि माझ्या एका फोनने सगळ्या गटाचा धोका टळला असता.

आपल्या गटापुरते आम्ही काही बदल केले आहेत. ग्रुपवर आता फक्त गट कार्यालयातूनच संदेश टाकता येतो. कार्यालयाकडून कोणतीही एपीके फाईल कधीही येणार नाही. आली तर ती आमची नाही, असे खुशाल समजावे. तोडणीचा प्रोग्राम साध्या मजकुरात येईल आणि गट कार्यालयाच्या फलकावरही लागेल. दर शुक्रवारी दुपारी ज्यांना शंका असेल त्यांनी मोबाइल घेऊन कार्यालयात यावे, परवानग्या तपासून देऊ. आजवर आलेल्यांपैकी दोन फोनमध्ये तीच फाईल निघाली. दोघांनाही पत्ता नव्हता, आणि सुदैवाने दोघांचेही पैसे शाबूत होते.

ते सभासद यंदाही ऊस घेऊन आले. नोंद करताना मी त्यांना नवीन फोन घेतला का, म्हणून विचारले. ते म्हणाले, "नाई जी, तोच हाये. साफ करून घेतला. आता फाईल आली का आंधी तुमाले फोन करतो." मी म्हटले, करा. रात्री-बेरात्री करा. तेवढे माझ्याकडे लागते.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी